अक्कांचा परवाना

बायका अंबाड्यात आकडे खोचतात, सणावाराला गजरा माळतात. माझ्या घरमालकीणबाई टेस्टर खोचत. पिवळ्या मुठीचा, आडवा. कुणाच्या घरी बारशाला गेल्या तर पाळण्यातल्या लेकराकडं बघायच्या आधी तो टेस्टर अंबाड्यातून बाहेर यायचा आणि कोपऱ्यातल्या कूलरच्या पत्र्याला लागायचा. कूलर निर्दोष निघाला की मग लेकराचं नाव काय ठेवलं याची चौकशी. एकदा नरसीला सप्ताहाला गेलो होतो. बुवांनी टाळ्यांच्या गजरात माईकच्या दांड्याला हात घातला आणि अक्का पहिल्या रांगेतून उठून म्हणाल्या, "बुवा, हात काढा जरा." बुवांनी बिचाऱ्यांनी काढला. अक्कांनी दांड्याला टेस्टर लावला, त्यातला लाल दिवा लागला नाही, तेव्हा "करा आता" म्हणून परत जागेवर येऊन बसल्या. कीर्तन पुन्हा रंगायला बराच वेळ लागला.

घरमालकीणबाईंना सगळं जवळा बाजार गाव अक्का म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. हिंगोली तेव्हा जिल्हा झाली नव्हती, आम्ही परभणी जिल्ह्यातच होतो. माझी बदली जवळा बाजारला जनावरांच्या दवाखान्यात झाली होती. पद पशुधन पर्यवेक्षकाचं, पण गावानं पहिल्याच दिवशी मला डॉक्टर करून टाकलं, आणि मीही ते खोडून काढायची घाई केली नव्हती. खोली शोधत अक्कांच्या दारात गेलो, तर त्यांनी माझं गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही.

"इस्त्री हाय का?" त्या म्हणाल्या.

"हाय."

"शेगडी? पाणी तापवायचा हीटर?"

"हीटर हाय."

"मग खोली न्हाई."

हीटर मी त्याच दिवशी मित्राला देऊन टाकला. हिवाळ्यात गार पाण्यानं अंघोळ करताना अक्कांच्या नावानं मी जे काही बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

खोलीसोबत एक कामही आलं. अंगणात तुळशीवृंदावनाच्या शेजारी अर्थिंगचा खड्डा होता. कोळसा, मीठ घालून बुजवलेला, वर लोखंडी नळीचं तोंड. सकाळी तुळशीला एक तांब्या आणि त्या नळीत एक तांब्या, हा या घरचा नेम होता. जमीन ओली राहिली तर चुकलेली वीज जमिनीत जाते, नाहीतर माणसात जाते, असं त्या सांगत. गावातल्या बायकांनाही त्यांनी हा नेम लावून दिला होता आणि बायकांनी तो आपल्या पद्धतीनं पाळला. काही घरी त्या नळीला हळदकुंकू लागलेलं मी स्वतः पाहिलं आहे. मी एकदा घाईत तुळशीला पाणी घातलं आणि खड्डा विसरलो, तर अक्का दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. तुळस वाळली तर दुसरी लावता येती, एवढंच संध्याकाळी म्हणाल्या.

त्यांचे यजमान सरकारी परवान्याचे वीज ठेकेदार होते. मी येण्याच्या काही महिने आधी ते वारले होते. मी त्यांना पाहिलं नाही, पण गावानं मला ते इतक्या वेळा दाखवले की ओळख झाल्यासारखीच होती. शेवटची बरीच वर्षं त्यांचा उजवा हात चालत नव्हता. मग कामाच्या घरी खाली खुर्ची टाकून ते बसत, आणि वर शिडीवर नऊवारीचा काष्टा घट्ट करून अक्का. "लाल तार बटनाला, काळी दिव्याला," ते खालून सांगत आणि अक्का वर तसं करत. पहिल्यांदा लोक हसले, मग सवय झाली. ते गेल्यावर खुर्ची रिकामी झाली, पण शिडी थांबली नाही. दुकानावर पाटी त्यांचीच होती, आत त्यांचं लायसेन्स काचेच्या फ्रेममध्ये लटकत होतं, आणि कुणाला घरात एखादा नवा दिवा वाढवायचा असला, शेडात लाईट ओढायची असली की लोक अक्कांनाच बोलवत. अक्का जात. त्यात काही चुकतंय असं त्यांना वाटलं नाही, गावालाही वाटलं नाही आणि मला तर काय, मला फ्यूज बांधता येत नव्हता.

याच दिवसांत माळावरची म्हातारी दवाखान्यात आली. माळावर तिची शेळ्यामेंढ्यांची दावण होती. तिची तक्रार अशी, की शेळ्या नव्या पत्र्याच्या शेडात पाय ठेवत नाहीत. ओढलं तर मागं सरतात, ओरडतात. बाहेर उघड्यावर बसतात पण आत येत नाहीत.

"कुणाची तरी नजर हाय," म्हातारी म्हणाली. "शेड नवं केलं, त्यात लाईट घेतली, ते बघवलं न्हाई लोकास्नी."

मी माळावर गेलो. शेळ्या तपासल्या. खूर बघितले, तोंड बघितलं, ताप बघितला. एकदम ठणठणीत. शेडात जाऊन आलो, तिथंही मला काही दिसलं नाही. मी तिला म्हटलं, जनावराला नवी जागा रुळायला वेळ लागतो, शेडात ओला पाला टाकत जा. तिनं पाला टाकला, शिवाय दाराला लिंबू-मिरचीही बांधली. शेळ्यांनी पाल्याकडं बाहेरूनच बघितलं, आणि ही गोष्ट मी अक्कांनाही हसत सांगितली.

पुढं गावात एकानं नवं घर बांधलं आणि नव्या मीटरचं काम अक्कांकडं आलं. जुन्या घरात दिवा वाढवला तर कुणी काही विचारत नसे, पण नवं मीटर घ्यायचं म्हणजे ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट वीज मंडळात द्यावा लागे. अक्कांनी यजमानांचा शिक्का मारला, खाली स्वतःची सही केली आणि रिपोर्ट घेऊन गेल्या. तिथले साहेब तरुण होते, पण माणूस समंजस. त्यांनी अक्कांना बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, की मयत माणसाच्या परवान्यावर रिपोर्ट घेता येत नाही. आणि दुसरं म्हणजे अक्कांनी स्वतः आता पक्कड हातात धरणंही बंद करावं. नियम पंचेचाळीस. लोकांच्या घरातलं विजेचं काम परवानाधारक ठेकेदारानंच घ्यायचं, पात्र पर्यवेक्षकाच्या नजरेखाली करायचं आणि करणाऱ्या हाताकडं वायरमनचा परवाना पाहिजे.

मला वाटलं अक्का येऊन साहेबाच्या सात पिढ्या काढतील. तसं काही झालं नाही. त्या नियमावर खूश झाल्या होत्या. "किती बराबर लिवलंय बघा," त्या म्हणाल्या, "ठेकेदार, बघणारा अन् करणारा. आमच्या घरात तिन्ही व्हते. आता एक मी उरले."

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तलाठ्याकडं नेलं. कशाला ते सांगितलं नाही. पिशवीत काहीतरी चौकोनी होतं, ते मी धरलं होतं.

तलाठी कुणाचा तरी सातबारा लिहीत होते. "बोला अक्का," ते मान वर न करता म्हणाले.

"नाव लावायचंय."

"कोणत्या गटात?"

अक्कांनी पिशवीतून फ्रेम काढून टेबलावर ठेवली. काचेसकट, वाळलेल्या हारासकट. तलाठ्यांनी लेखणी खाली ठेवली.

"हे काय हाय?"

"लायसेन. यांच्या नावचं. फेरफार करून माझं नाव लावा. वारस मी एकलीच हाय. दीर न्हाई, पोरंबाळं न्हाई. कुणाची हरकत येणार न्हाई."

"अक्का, ही काय जमीन हाय व्हय?"

"जमीन न्हाई म्हणून तर सोपं हाय. मोजणी लागत न्हाई."

तलाठ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. तलाठी बिचारे समजुतीच्या स्वरात म्हणाले, "हे माणसासंग जातंय. आता समजा एखादा मास्तर वारला. तर त्याच्या बायकोला मास्तरीण करतेत का?"

"करतेत की," अक्का म्हणाल्या. "अनुकंपाखाली घेतेत."

"शिपाई म्हणून घेतेत अक्का. मास्तर म्हणून न्हाई. मास्तर व्हायचं तर तिला शिकावंच लागतंय."

तलाठ्यांना वाटलं असावं की आपण जास्त बोललो, कारण त्यांनी उगीचच हारावरची धूळ झटकली. अक्कांनी फ्रेम उचलली, पदरानं काच पुसली आणि पिशवीत ठेवली.

"म्हणजे शिकावं लागतंय," त्या म्हणाल्या.

आणि त्या दिवसापासून त्यांनी पक्कड हातात घेणं सोडलं. माझ्या खोलीतला दिवा गेला तर नवा दिवा मला देत आणि म्हणत, "लावा तुमी. दिवा लावायला पंचेचाळीस न्हाई, पण माझा हात होल्डरपाशी दिसाया नको." लोक दुकानात येऊन गयावया करत. शेजारच्या गिरणीवाल्यानं तर हात जोडले. अक्का त्याला वसमतच्या परवानेवाल्याचा पत्ता देत.

त्याच सुमारास त्यांना दुसरं वेड लागलं. भेटेल त्याचा परवाना विचारायचा. एसटीत चढल्या की ड्रायव्हरला, "लायसेन हाय न्हवं?" औषधाच्या दुकानात, गिरणीत, सगळीकडं. शेवटी पाळी माझ्यावर आली.

"डाक्टर, तुमचा कागद दावा बरं."

मी पेटीतून पदविकेचा कागद काढून दिला. त्यांनी तो उजेडाला धरून एक एक अक्षर लावून वाचला.

"ह्यात डाक्टर कुठं लिवलंय?"

"डाक्टर न्हाई लिवलं. पर्यवेक्षक लिवलंय."

"मग लोक डाक्टर म्हणतेत तवा तुमी गप का ऱ्हाता?"

मी कागद घडी घालून परत पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवसापासून त्या मला सुपरवायझर म्हणू लागल्या. भर बाजारात, मोठ्यानं. पंधरवड्यात माझी डॉक्टरकी साफ बुडाली. मला राग आला होता, हे कबूल करतो, आणि अंगणातल्या खड्ड्यात मी त्या दिवसांत फार मोजून-मापून पाणी घातलं.

वायरमनच्या परीक्षेला बसायचं तर कामाच्या अनुभवाचा दाखला लागत होता, आणि तो परवानाधारक ठेकेदारानं द्यायचा. वसमतचे जे ठेकेदार होते ते अक्कांच्या यजमानांचे जुने भागीदार. बरीच वर्षं दोघांनी मिळून कामं केली होती आणि त्या कामांवर अक्का शिडीवर होत्या. मग एकदा भागीदारानं एका घराचा रिपोर्ट घर न बघताच, बसल्या जागी सही करून दिला. यजमानांना हे कळलं आणि त्यांनी भागी मोडली. तेव्हापासून बोलणं बंद. मयतीलाही भागीदार आले ते लांब उभे राहून गेले. अक्का त्यांना भाऊजी म्हणत, पण ते पाठीमागं.

आम्ही वसमतला गेलो. भाऊजी हळदीच्या आडतीशेजारच्या दुकानात बसले होते. जाडजूड माणूस, आवाज दांडगा. अक्कांना बघून उठून उभे राहिले आणि मग उठलो का म्हणून स्वतःवरच चिडल्यासारखे बसले.

"वहिनी, कशा काय?"

अक्कांनी काम सांगितलं. भाऊजी ऐकून घेऊन म्हणाले, "दाखला देतो. न बघता सही केली म्हणून तुमच्या मालकानं मला सोडलं. पण ह्या खेपंला मी बघितलेलं हाय. तो खाली बसून मला शिव्या द्यायचा, अन् वर तुमीच व्हता. हे मी डोळ्यांनी बघितलंय."

अक्का हसल्या. चहा झाला. निघताना भाऊजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "शेवटी काही बोलला का माझ्याबद्दल?" मला काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, आठवण काढायचे. अक्कांनी ते ऐकलं असावं, पण खोडलं नाही.

परीक्षा नांदेडला होती. वर्कशॉपात चाळीस-पन्नास पोरं, मिसरूड फुटलेली, आणि त्यांच्यात नऊवारी नेसलेल्या, पन्नाशीच्या अक्का. मी खिडकीपाशी उभा राहिलो. आधी तोंडी. परीक्षक साहेबांनी विचारलं, जिन्याची वायरिंग कशी कराल? एक दिवा, दोन बटनं, खालून लावता आला पाहिजे आणि वरून बंद करता आला पाहिजे.

"एका दिव्याला दोन बटनं कशाला?" अक्का म्हणाल्या.

"जिना चढून वर गेल्यावर दिवा बंद करायला."

"आमच्याकडं माळवदावर शिडीनं जातेत, साहेब. अन् दिवा बंद करायला इतका आळस बरा न्हाई."

साहेब हसले, पोरं हसली, मीही हसलो. मग प्रत्यक्ष काम. एका फळीवर एक दिवा, एक बटन, बस. अक्कांनी ते इतक्या सफाईनं केलं की शेजारची पोरं आपलं काम सोडून बघत होती. लाल बटनाला, काळी दिव्याला. बटन दाबलं, दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. अक्कांनी पदर सारखा केला.

साहेब म्हणाले, "छान. आता बटन बंद आहे ना? मग होल्डरला टेस्टर लावा."

अक्कांनी अंबाड्यातून टेस्टर काढला आणि लावला. लाल लागलं.

साहेबांनी समजावून सांगितलं. आतल्या पुरवठ्याच्या तारांचे रंग त्यांनी मुद्दाम उलटे ठेवले होते. जिवंत तार बटनातून जायला हवी, तरच बटन बंद केल्यावर दिव्यापर्यंत वीज पोचत नाही. रंगावर विश्वास ठेवायचा नाही, आधी मेन स्विचपाशी टेस्टर लावून जिवंत तार कोणती ते ओळखायचं. नाहीतर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज तशीच राहते. गावाकडं मीटरपाशी तारा उलट्या लागलेल्या पुष्कळ सापडतात, असंही ते म्हणाले.

अक्का त्या लाल ठिपक्याकडं बघत राहिल्या. निकाल नंतर कळणार होता, पण आमचा तिथंच कळला.

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. ड्रायव्हरला लायसेन्स विचारलं नव्हतं, त्यावरूनच मी ओळखलं की लागलंय. मी समजूत घालू लागलो. पहिल्या खेपेला होतं असं, पुढच्या वर्षी पुन्हा बसा, जिन्याचं तेवढं शिकून घ्या.

"नापास झाले त्याचं काय न्हाई, सुपरवायझर," त्या म्हणाल्या. "मला माळावरची शेळी आठवून राहिली."

मला एकदम कळलं नाही. त्या सांगू लागल्या. यजमान खुर्चीत बसायच्या आधी दर वेळी मेनपाशी जाऊन डाव्या हातानं टेस्टर लावायचे. अक्कांना वाटे ती त्यांची सवय आहे, काम सुरू करण्याआधी नमस्कार करावा तशी. त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. ते गेल्यावर अक्का फक्त रंग बघत आल्या होत्या. माळावरच्या शेडात लाईट त्यांनीच ओढली होती. तिथं तारा उलट्या असल्या तर बटन बंद असूनही वरच्या तारेत दिवसरात्र वीज असणार, आणि वाऱ्यानं ती तार पत्र्यावर घासत असणार. माणसं चपला घालून शेडात जात होती. शेळ्या कशा घालणार?

"तिच्या लेकीचं लेकरू रांगतंय," अक्का म्हणाल्या.

मला गाडी फार सावकाश चालल्यासारखी वाटू लागली. वसमत आलं आणि अक्का उठल्या. मी म्हटलं, आधी माळावर जाऊन मेन बंद करू. त्या म्हणाल्या, मेन कुणीबी बंद करंल, पण दुरुस्त करायला परवान्याचा हात पाहिजे, माझा न्हाई चालत. भाऊजी दुकानातच होते. अक्कांनी उभ्या उभ्या सांगितलं. त्या माणसानं एक प्रश्न विचारला नाही. वायरमनला हाक मारली, जीप काढली, आणि दिवस मावळायच्या आत आम्ही माळावर होतो.

मी धावत जाऊन मेन पाडला. माझ्या आयुष्यातलं विजेचं एवढंच काम. भाऊजींनी आधी पत्र्याला टेस्टर लावून बघितलं होतं. लाल लागलं होतं.

लेकरू ओसरीवर झोपलं होतं. म्हातारीनं विचारलं काय झालं, आणि अक्कांनी सगळं सांगितलं. भाऊजी मधे पडले, "वहिनी, आमी करतो बराबर, तुमी कशाला—" पण अक्का थांबल्या नाहीत. माझ्या हातानं चुकलं, म्हणाल्या. म्हातारी ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"माझं लेकरू त्या शेडात खेळतंय," ती म्हणाली. "माझ्या दारात परत पाय ठेवू नगंस."

अक्का बऱ्याच लांब, कुंपणाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. काम होईपर्यंत तिथंच होत्या. जाताना मला दिसलं, शेळ्या एक एक करून शेडात शिरत होत्या.

त्यानंतरचा महिना मला विसरता येत नाही. यजमान गेल्यापासून जिथं जिथं हात लावला होता त्या प्रत्येक घरी अक्का गेल्या. सोबत भाऊजींचा वायरमन. दारात उभं राहून आधी सांगायचं, की माझ्या हातनं चुकलेलं असू शकतंय, तपासायचंय. भाऊजी म्हणायचे, मी गुपचूप बदलतो, लोकास्नी कशाला सांगता? पण सांगितल्याशिवाय अक्का बोर्ड उघडू देत नसत. मग घरातलं कुणीतरी खुर्ची आणून देई, अक्का खाली बसत आणि वर तो वायरमन. बऱ्याच घरी काहीच चुकलेलं निघालं नाही. काही घरी निघालं. एकानं दारातूनच परत पाठवलं, एकीनं चांगलं ऐकवलं. मी त्यांना म्हटलं, अक्का, तुमचं नाव जाईल. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या. नाव कुणाला शॉक देत न्हाई."

नाव गेलंच. दुकानात लोक दिव्यापुरते आणि ट्यूबच्या चोकपुरते येत. अक्कांनी एका फळीवर टॉर्चच्या सेलवर चालणारा जिना तयार केला, दोन टोकांना दोन बटनं, मधे छोटा दिवा. सेलवर पंचेचाळीस लागत नाही, याची त्यांनी वीज मंडळातल्या साहेबांकडून खात्री करून घेतली होती. येणाऱ्या प्रत्येकाला एका टोकाला उभं करून बटन दाबायला लावत. मी तर ते इतक्या वेळा दाबलं की स्वप्नातही जिनेच दिसत.

पुढच्या खेपेला त्या पुन्हा नांदेडला बसल्या. तेच साहेब होते, त्यांनी ओळखलं. जिना झाला, फळी झाली, मेनपाशी टेस्टरही झाला. साहेब सहज म्हणाले, "बाई, या वयात कशाला एवढा त्रास? काम तर तुम्हाला आधीपासून येतं."

"येतंय असं मला बी वाटत व्हतं, साहेब," अक्का म्हणाल्या.

परवाना आला. भाऊजींनी पेढे वाटले आणि त्यांना रीतसर आपल्या ठेक्यावर घेतलं. जवळा बाजारातलं काम निघालं तर करणारा हात अक्कांचा, बघणारे भाऊजी, सही भाऊजींची. सगळं नियमात बसलं. फक्त काम निघेना. आठवडे गेले. अक्का परवाना गल्ल्यावर उभा करून दुकानात बसत. रस्त्यानं लोक जात, रामराम करत आणि पुढं जात. मी थट्टा करून बघितली, त्या हसल्याही, पण संध्याकाळी दुकानाच्या फळ्या लावताना त्यांचे हात फार हळू चालत. आता अक्कांना कोण बोलावणार, हे मलाही दिसत होतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटत होतं.

मग एका बाजाराच्या दिवशी माळावरची म्हातारी आली. शेळ्या विकायला आणल्या होत्या. दुकानासमोर थांबली. मी बाकड्यावर बसलो होतो, मला वाटलं आता भर बाजारात तमाशा होणार.

"अक्का," ती म्हणाली, "घरात दोन दिवे वाढवायचेत. कवा येतीस?"

अक्का उभ्या राहिल्या. "मी? तू तर म्हणली व्हतीस दारात पाय ठेवू नगंस."

"म्हणले व्हते. राग व्हता." म्हातारीनं शेळीचं दावं दुसऱ्या हातात घेतलं. "दुसऱ्याकडनं करून घेतलं अन् त्याचं चुकलं, तर मला सांगायला कोण येईल?"

अक्कांनी गल्ल्यावरचा परवाना उचलला आणि म्हातारीपुढं धरला.

"ते काय दावतीस मला," म्हातारी म्हणाली. "मला कुठं वाचता येतंय?"

"न्हाई, बघ," अक्का म्हणाल्या. "बघितल्याबिगर काम सांगू नगंस. मला न्हाई अन् कुणालाच न्हाई."

म्हातारीनं परवाना हातात घेतला. आधी कागदाकडं बघितलं, मग अक्कांच्या तोंडाकडं, मग पुन्हा कागदाकडं. बाजारातली दोन-चार माणसं थांबून बघू लागली होती.

"फोटो तुझाच हाय," ती म्हणाली.

"व्हय."

"मग चल."

अक्कांनी शेजारच्या पिठाच्या गिरणीतून वसमतला फोन लावून भाऊजींना कामाची वर्दी दिली, दुकानाला कुलूप लावलं आणि शिडी खांद्यावर घेतली.